सेल्फ दाबला की फक्त ‘टक्’ : ११० सीसी क्वाड बाइकच्या स्टार्टिंगमधला दोष कसा शोधावा?

भोगावतीकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. करवीर तालुक्यात भोगावती नदीच्या काठी आमची उसाची शेती आहे. ठिबकच्या नळ्यांची बंडले, खताची पोती आणि औषधाचे कॅन फडापर्यंत नेण्यासाठी तीन वर्षांपूर्वी मी एक जुनी, चिनी बनावटीची ११० सीसी क्वाड बाइक (चार चाकांची मोटारसायकल) विकत घेतली. मागे लहान ट्रॉली जोडली की ट्रॅक्टर वळू शकत नाही अशा बांधावरूनही ती सहज जाते, त्यामुळे ती आता आमच्या रोजच्या कामाची गाडी झाली आहे. तिला किक नाही आणि क्लच ऑटोमॅटिक असल्यामुळे ती ढकलूनही सुरू होत नाही. सेल्फ चालला नाही तर त्या दिवसाचे काम डोक्यावरून करावे लागते.

दसरा झाल्यापासून तिने त्रास द्यायला सुरुवात केली. चावी फिरवून, ब्रेक दाबून सेल्फचे बटण दाबले की सीटखालून एकदाच ‘टक्’ असा आवाज येतो आणि इंजिन अजिबात फिरत नाही. हेडलाइट मात्र स्वच्छ लागतो व हॉर्नही खणखणीत वाजतो. कधी पाचव्या-सहाव्या प्रयत्नाला इंजिन एकदम फिरते आणि गाडी सुरू होते, कधी दिवसभर दाद देत नाही. सुरुवातीला शेजाऱ्यांच्या मोटारीच्या बॅटरीवरून केबल लावून पाहिली, तेव्हा पहिल्याच दाबाला इंजिन फिरले. त्यावरून बॅटरी गेली असे समजून १२ व्होल्ट, ५ अँपियर-तासांची नवी बॅटरी बसवली. आठ दिवसांत पुन्हा तेच. मग मेकॅनिकने रिले (बटण दाबताच स्टार्टर मोटारीला वीज जोडणारा विद्युत-स्विच) बदलला, त्यानंतर दोन दिवस गाडी ठीक चालली आणि पुन्हा तोच ‘टक्’. आता स्टार्टर मोटार बदलावी लागेल असे सांगण्यात आले आहे. मोटार महाग आहे आणि ती बदलूनही दोष राहिला तर काय, या विचाराने मी थांबलो आहे.

माझ्याकडे साधा डिजिटल मल्टिमीटर आहे. बॅटरी तपासली तर १२.७ व्होल्ट दाखवते. गाडीत आणखी काही फेरफार केलेले नाहीत. फक्त खंडेनवमीच्या पूजेला ती नीट दिसावी म्हणून दसऱ्याच्या आधी इंजिन उतरवून चॅसिसला नवा रंग दिला होता. मोटार बदलण्यापूर्वी मी आणखी काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

वायरमन_उद्यमनगर

आपला प्रश्न दोनदा वाचला. स्टार्टर मोटार आत्ता विकत घेऊ नका. आपण जे लिहिले आहे त्यातच दोन गोष्टी अशा आहेत की ज्यांमुळे माझा संशय बॅटरी, रिले आणि मोटार या तिघांवरून उठून अर्थिंगवर, म्हणजे वीज बॅटरीकडे परतण्याच्या मार्गावर, जातो. एक म्हणजे चॅसिसला दिलेला रंग. दुसरी, शेजाऱ्यांच्या मोटारीवरून केबल लावताच फिरलेले इंजिन. त्या वेळी काळ्या केबलचा चिमटा नेमका कुठे लावला होता, हे आठवून सांगाल का? क्वाडच्या बॅटरीच्या ऋण टर्मिनलला, की इंजिनच्या एखाद्या धातूच्या भागाला? याचे उत्तर फार महत्त्वाचे आहे.

तोपर्यंत हे प्रकरण नीट समजून घेऊ, कारण उद्यमनगरातल्या माझ्या बाकड्यावर अशा गाड्या येतात तेव्हा बहुतेकींचे निम्मे भाग आधीच बदललेले असतात आणि दोष जागच्या जागी असतो. बॅटरीच्या धन टोकापासून जाड केबल रिलेकडे जाते आणि रिलेतून दुसरी जाड केबल स्टार्टर मोटारीच्या बोल्टवर येते. मोटारीला परतीची वेगळी तार नसते, तिची बॉडी हेच तिचे ऋण टोक असते. त्या बॉडीतून प्रवाह इंजिनच्या केसिंगमध्ये, केसिंगमधून चॅसिसमध्ये आणि चॅसिसवरून ऋण केबलने पुन्हा बॅटरीत जातो. ज्या गाडीत इंजिन आणि चॅसिस यांना जोडणारी स्वतंत्र केबल नसते, त्या गाडीत हा सगळा परतीचा प्रवाह इंजिन बसवण्याच्या बोल्टांमधून जातो. बोल्टाखालची जागा रंगाने झाकली गेली, तर प्रवाहाला आट्यांच्या चार-दोन कडांवरून वाट काढावी लागते.

आता हेडलाइट का लागतो ते पाहा. ३५ वॅटचा दिवा १२ व्होल्टांवर सुमारे ३ अँपियर ओढतो आणि त्याची परतीची वाट इंजिनमधून जातही नाही. स्टार्टर मोटार मात्र इंजिन फिरवताना त्याच्या कितीतरी पट प्रवाह मागते. समजा तिने ४० अँपियर मागितले आणि त्या रंगलेल्या सांध्यात ०.२ ओहम इतकाच अडथळा असला, तरी तिथल्या तिथे ८ व्होल्ट खर्ची पडतात आणि मोटारीच्या वाट्याला उरलेल्या चार व्होल्टांत ती हलतसुद्धा नाही. म्हणून चांगला दिवा हा चांगल्या सेल्फचा पुरावा नव्हे.

आपण शेतकरी आहात म्हणून आपल्या रोजच्या पाहण्यातले उदाहरण देतो. ठिबकचा व्हॉल्व्ह बंद असताना मुख्य पाइपवरचा दाबाचा काटा भरपूर दाब दाखवतो, परंतु फिल्टर तुंबलेला असेल तर व्हॉल्व्ह उघडताच पलीकडे दाब पडतो आणि शेवटच्या सरीला थेंबही पोहोचत नाही. गाडी बंद असताना बॅटरीवर मिळालेले १२.७ व्होल्ट म्हणजे बंद व्हॉल्व्हवरचा दाब आहे. मीटरवर ओहम मोजून किंवा ‘बीप’ वाजतो का हे पाहूनही हा दोष सापडत नाही, कारण केबलच्या सगळ्या तारांपैकी एक तार शाबूत असली तरी मीटर बीप वाजवतो. तपासणी प्रवाह वाहत असतानाच, म्हणजे बटण दाबलेले असतानाच, केली पाहिजे.

त्यासाठी दोन माणसे हवीत. गाडी न्यूट्रलमध्ये घ्या, पार्किंग ब्रेक लावा, चाकांना दगडाची ओट द्या. मीटर डीसी २० व्होल्टांवर ठेवा. एकाने ब्रेक धरून बटण दाबावे, दुसऱ्याने आकडे लिहून घ्यावेत, आणि एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नये. मध्ये अर्धा मिनिट थांबावे. पहिल्यांदा बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. दुसऱ्यांदा बॅटरीचे धन टोक आणि मोटारीवरचा बोल्ट यांच्यात मोजा. तिसऱ्यांदा बॅटरीचे ऋण टोक आणि मोटारीची बॉडी यांच्यात मोजा. शेवटी मोटारीचा बोल्ट आणि तिचीच बॉडी यांच्यात मोजा. बॅटरीवर मोजताना मीटरची सुई केबलच्या नटावर न टेकवता बॅटरीच्या स्वतःच्या टर्मिनलवर टेकवा, नाहीतर त्या दोघांमधला सैल सांधा मोजण्यातून सुटून जाईल. मोटारीच्या बॉडीवर मोजतानाही रंग किंवा गंज खरवडून चकचकीत धातूवर सुई धरा.

बटण दाबल्यावर बॅटरीवरचा आकडा ९.५ च्या खाली कोसळला तर बॅटरी दुबळी आहे किंवा मोटार आतून अडकली आहे. बॅटरी टिकून राहिली आणि दुसऱ्या मोजणीत अर्ध्या व्होल्टापेक्षा बरेच जास्त आले, तर दोष धन बाजूला, म्हणजे केबलमध्ये किंवा रिलेच्या आतल्या संपर्कात आहे. तिसऱ्या मोजणीत ०.३ पेक्षा जास्त आले तर दोष अर्थिंगमध्ये आहे. आणि शेवटच्या मोजणीत मोटारीला १० व्होल्टांच्या आसपास मिळूनही ती फिरत नसेल, तरच मोटार उघडून कार्बन ब्रश पाहायचे.

राजारामपुरी_गॅरेज

वरचे उत्तर योग्यच आहे, पण इतके मोजमाप करण्यापूर्वी एक सोपा उपाय सांगतो. रिलेवर दोन जाड बोल्ट असतात. जाड स्क्रूड्रायव्हरने ते दोन्ही एकमेकांना जोडावेत. इंजिन फिरले तर रिले खराब, नाही फिरले तर मोटार खराब. मोटारसायकलींवर आम्ही अनेक वर्षे असेच करत आलो आहोत.

वायरमन_उद्यमनगर

गॅरेजवाल्या बंधूंचा अनुभव मी नाकारत नाही, परंतु या गाडीच्या बाबतीत हा उपाय चुकीच्या निष्कर्षाकडे नेईल. अर्थिंग खराब असेल तर रिलेचे बोल्ट जोडूनही मोटार फिरणार नाही आणि आपण चांगली मोटार बाद ठरवू. शिवाय त्या बोल्टांवर मोठी ठिणगी उडते. क्वाडच्या सीटखाली पेट्रोलची नळी रिलेपासून फार लांब नसते आणि नळीला थोडी जरी गळती असली तरी आग लागण्याचा धोका असतो. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती समोरच्या माणसाच्या अंगावर जाऊ शकते, कारण या पद्धतीत ब्रेकच्या आणि न्यूट्रलच्या सुरक्षा स्विचला वळसा घातला जातो. मीटर हाताशी असताना हे करण्याची गरज नाही.

‘टक्’ आवाजाबद्दल एक पूरक गोष्ट सांगतो. बटण दाबल्यावर काहीच आवाज आला नाही तर दोष बारीक तारांच्या बाजूला शोधावा : बॅटरीजवळचा फ्यूज, चावीचा स्विच, ब्रेकच्या लिव्हरमधला स्विच आणि खुद्द बटण. या गाड्यांत ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ चालू नये अशी सोय असते आणि ब्रेकचा तो लहानसा स्विच चिखलाने अडकला की रिलेपर्यंत वीजच जात नाही. ‘टक-टक-टक’ असा भराभर आवाज आला तर बहुधा बॅटरी उतरलेली असते. रिले ओढला जातो, व्होल्टेज पडते, रिले सुटतो, आणि हेच चालू राहते. एकच ठाम ‘टक्’ येतो तेव्हा रिलेने आपले काम केलेले असते आणि अडचण जाड मार्गावर असते. आपल्या रिलेचा आवाज पहिल्यापासून असाच होता, म्हणून तो बदलून काही साधणार नव्हते.

भोगावतीकाठ

काका, आपण विचारलेला प्रश्न वाचून मी शेजाऱ्यांकडे जाऊन आलो. त्यांना पक्के आठवते की बॅटरीची जागा अरुंद असल्यामुळे काळा चिमटा त्यांनी इंजिनच्या सिलिंडरवरच्या पातीला लावला होता. नंतर आणखी एकदा मी स्वतः केबल लावली होती, तेव्हा चिमटा बॅटरीच्या ऋण टर्मिनलला लावला होता आणि त्या दिवशी गाडी सुरू झाली नव्हती. त्या वेळी मला वाटले की केबल सैल बसली असेल.

आज सकाळी मुलाच्या मदतीने मोजमाप केले. बटण दाबलेले असताना मिळालेले आकडे असे आहेत. बॅटरीच्या टोकांवर ११.९ व्होल्ट. बॅटरीचे धन टोक ते मोटारीचा बोल्ट ०.४. बॅटरीचे ऋण टोक ते मोटारीची बॉडी ७.९. मोटारीचा बोल्ट ते तिची बॉडी ३.६. तिसरा आकडा पाहून मला मोजण्यात चूक झाली असे वाटले म्हणून तीन वेळा मोजला, प्रत्येक वेळी आठाच्या आसपासच आला. आणखी एक गोष्ट लक्षात आली. तीन-चार वेळा बटण दाबल्यानंतर इंजिनच्या खालच्या बाजूच्या पुढच्या बोल्टाला हात लावला तर तो कोमट लागला. इंजिन सुरूच झालेले नसताना बोल्ट गरम कसा झाला, याचे आश्चर्य वाटले.

वायरमन_उद्यमनगर

तो कोमट बोल्ट आणि ७.९ हा आकडा एकच गोष्ट सांगतात. जिथे व्होल्टेज खर्ची पडते तिथे उष्णता तयार होते. आपले आकडेही चोख आहेत : ०.४, ७.९ आणि ३.६ यांची बेरीज बरोबर ११.९ येते, म्हणजे बॅटरीने दिलेल्या प्रत्येक व्होल्टाचा हिशेब लागला. बॅटरीच्या ११.९ पैकी मोटारीला एक तृतीयांशही मिळत नव्हते, त्यामुळे तिला दोष देता येत नाही.

केबलच्या चिमट्याचे कोडेही आता उलगडते. शेजाऱ्यांनी काळा चिमटा इंजिनच्या पातीला लावला तेव्हा परतीचा प्रवाह रंगलेला सांधा टाळून थेट त्यांच्या बॅटरीत गेला आणि मोटारीला पूर्ण व्होल्टेज मिळाले. आपण तो क्वाडच्या बॅटरीच्या ऋण टर्मिनलला लावला तेव्हा प्रवाहाला पुन्हा त्याच खराब सांध्यातून जावे लागले. मधूनमधून गाडी सुरू होत असे, कारण ट्रॉलीच्या ओढीने आणि खड्ड्यांच्या धक्क्यांनी बोल्ट किंचित हलून धातूला धातू लागत असे. नवी बॅटरी आणि नवा रिले यांनी थोडे दिवस गुण दिल्यासारखे वाटले ते यामुळेच. जाता जाता हेही लक्षात ठेवा की केबल लावायचीच वेळ आली तर शेजाऱ्यांच्या मोटारीचे इंजिन बंद ठेवावे, तांबडे चिमटे आधी जोडावेत आणि काळा चिमटा शेवटी बॅटरीपासून लांब, इंजिनच्या धातूला लावावा; बॅटरीतून निघणारा वायू ज्वलनशील असतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते.

आता दोष नेमका कोणत्या सांध्यात आहे ते आणखी दोन मोजण्यांत ठरवा. बटण दाबून बॅटरीचे ऋण टोक ते चॅसिसचा खरवडलेला भाग मोजा, आणि मग चॅसिस ते इंजिनचे केसिंग मोजा. ज्या जोडीत मोठा आकडा येईल तिथे पाना लावायचा.

माझ्या अंदाजाप्रमाणे दुसऱ्या जोडीत आला, तर प्रथम बॅटरीची केबल काढून ठेवा. इंजिनच्या माउंटिंगचे बोल्ट एकेक करून काढा, सगळे एकदम काढू नका. बोल्टाच्या डोक्याखालची आणि चॅसिसच्या कानाच्या (ज्या भोकाच्या पट्टीत बोल्ट बसतो तिच्या) दोन्ही बाजूंची जागा पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, बोल्ट घट्ट आवळा आणि आवळल्यानंतर वरून व्हॅसलीन किंवा ग्रीसचा पातळ थर द्या म्हणजे पावसाळ्यात गंज चढणार नाही. ग्रीस आधी लावून मग आवळू नका. एवढ्यावर न थांबता बॅटरीच्या ऋण टर्मिनलपासून थेट स्टार्टर मोटार बसवण्याच्या बोल्टापर्यंत एक स्वतंत्र जाड केबल टाका. ती धन बाजूच्या केबलइतकीच जाड असावी आणि तिची थिंबल (टोकाची धातूची कडी) दाबून बसवलेली असावी. नुसती तार गुंडाळून बोल्टाखाली धरू नये. ही एक केबल टाकली की परतीचा प्रवाह माउंटिंगच्या बोल्टांवर अवलंबून राहत नाही, आणि पुढच्या दसऱ्याला पुन्हा रंग दिला तरी सेल्फ चालेल.

पन्हाळा_पायथा

मी पन्हाळ्याच्या वाटेवर कृषी पर्यटन केंद्र चालवते आणि आमच्याकडे मुलांसाठी लहान क्वाड आहेत. मूळ दोष वायरमन काकांनी दाखवून दिलाच आहे. मला त्यांच्या उत्तराला एक जोड द्यायची आहे, कारण आपण नवी बॅटरी घेतली आहे आणि ती टिकावी अशी माझी इच्छा आहे.

पहिल्या वर्षी आमच्या सर्व गाड्यांच्या बॅटऱ्या एकाच पावसाळ्यात बाद झाल्या. जून ते सप्टेंबर पर्यटक येत नाहीत, गाड्या शेडमध्ये उभ्या राहतात. चावी बंद आहे म्हणजे बॅटरीवर भार नाही, अशी माझी समजूत होती. परंतु या गाड्यांना रिमोटने चालणारा अलार्मचा डबा असतो आणि चावी बंद असतानाही तो थोडा प्रवाह घेत राहतो. आमच्या एका गाडीत तो २० मिलिअँपियर निघाला. आकडा अगदी किरकोळ वाटतो, पण दिवसाला चोवीस तास धरले तर जवळजवळ अर्धा अँपियर-तास होतो आणि ५ अँपियर-तासांची बॅटरी दहा-अकरा दिवसांत पूर्ण रिकामी होते. शिशाची बॅटरी रिकाम्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचा कडक थर चढतो आणि नंतर कितीही चार्ज केली तरी ती पूर्वीसारखी होत नाही. तेव्हापासून पावसाळ्यात मी ऋण केबल सोडवून ठेवते आणि महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करते. चार्जरही लहान घ्यावा लागतो. ५ अँपियर-तासांच्या बॅटरीला अर्धा अँपियर पुरतो. मोटारीच्या बॅटरीचा मोठा चार्जर लावून आम्ही एक बॅटरी फुगवून घालवली आहे, त्यामुळे हे आग्रहाने सांगते.

भोगावतीकाठ दादा, आपली गाडी सुरू झाली की बॅटरीच्या टोकांवर इंजिनचा वेग थोडा वाढवून पुन्हा मोजा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा आला तर चार्जिंग ठीक आहे. वेग वाढवूनही तो १२.५ च्या आसपासच राहिला तर रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) किंवा स्टेटर (इंजिनमधली वीज तयार करणारी गुंडाळी) तपासावा लागेल, आणि १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर ताबडतोब बदलावा. खराब अर्थिंगमुळे चार्जिंगही कमी होऊ शकते, म्हणून ही मोजणी दुरुस्ती झाल्यानंतरच करावी.

भोगावतीकाठ

काका आणि ताई, दोघांचेही मनापासून आभार. बॅटरी ते चॅसिस ०.१ व्होल्ट आणि चॅसिस ते इंजिन ७.८ व्होल्ट, असे आकडे आले. बोल्ट काढले तेव्हा चारही कानांवर रंगाचा जाड, अखंड थर होता; एका बोल्टाच्या आट्यांतही रंग वाळला होता. रंगवाल्याने काम मन लावून केले होते, पण इंजिन बसवण्याच्या जागा झाकून रंग मारावा, हे त्याला सांगायला हवे होते आणि ते सांगणे माझे काम होते. जागा घासून घेतल्या, दातेरी वॉशर घातले आणि थिंबल दाबून बसवलेली स्वतंत्र केबल मोटार बसवण्याच्या बोल्टावर टाकली. आता बटण दाबलेले असताना बॅटरीवर १०.८, मोटारीवर १०.३, अर्थिंगमध्ये ०.१५ आणि धन बाजूला ०.३५ व्होल्ट मिळतात. बॅटरीवरचा आकडा पूर्वीपेक्षा कमी का झाला, असे मला आधी वाटले. मग लक्षात आले की मोटार आता खरोखर फिरते आहे आणि आपल्या वाट्याचा प्रवाह घेते आहे. चार्जिंग १४.२ आहे. ताईंनी सांगितलेला अलार्मचा डबा मी काढून ठेवला आहे.

ही नोंद लिहायला आठवडा लागला त्याचे कारण असे की मधल्या काळात एक नवीच अडचण आली. कारखान्याला ऊस गेल्यानंतर गाडी चिखलाने भरली होती, म्हणून फवारणीच्या पंपाने जोरात धुतली. दुसऱ्या दिवशी सेल्फ उत्तम फिरतो, पण इंजिन पेटत नाही. प्लग काढून पाहिला तर ठिणगी नाही. मी काही तोडले आहे का?

वायरमन_उद्यमनगर

आकडे वाचून समाधान वाटले. नवी अडचण वेगळ्या मार्गावरची आहे. सेल्फचा आता तिच्याशी संबंध नाही. आपण बहुधा काही तोडलेले नाही, पाणी आत गेले आहे.

ठिणगी पुन्हा एकदा नीट पाहून घ्या. प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनला टेकवून ठेवा, प्लगच्या भोकापासून बाजूला, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते. टोपी मोकळी लोंबकळत ठेवून इंजिन फिरवू नका, त्याने सीडीआय (ठिणगीची वेळ साधणारा इलेक्ट्रॉनिक डबा) खराब होऊ शकतो. प्लगच्या टोकांतले अंतर ०.६ ते ०.७ मिलिमीटर असावे.

ठिणगी नसेलच, तर सीडीआयला हात लावण्याआधी गाडी बंद करणारे स्विच तपासा. हँडलवर एक असतो आणि अनेक लहान क्वाडच्या मागच्या बाजूला, दोरी ओढली की इंजिन बंद पडावे म्हणून, दुसरा असतो. हा मागचा स्विच मडगार्डजवळ असल्यामुळे चिखल आणि पाणी सर्वांत आधी त्याच्यात शिरते. ज्या गाडीत सीडीआय थेट स्टेटरवर चालतो, तिथे इंजिन बंद करणारी तार बहुधा काळी-पांढरी असते. ती अर्थला लागली की ठिणगी बंद होते. स्विचमध्ये ओल असेल तर ती तार सतत अर्थला लागल्यासारखी राहते. सीडीआयच्या कपलरजवळ ती एकच तार सोडवून पाहा. ठिणगी परत आली तर सीडीआय, कॉइल आणि स्टेटर सगळे चांगले आहेत, आणि दोष स्विचमध्येच आहे. मात्र ही तार सुटलेली असताना चावीने इंजिन बंद होणार नाही, म्हणून पेट्रोलचा कॉक आणि चोक हाताशी ठेवा आणि चाचणी झाली की तार पुन्हा जोडा. दोरीचा स्विच कायमचा काढून टाकावा असे कोणी सुचवले तर ऐकू नका. बांधावरून गाडी कलंडली तर इंजिन बंद करायला तोच उपयोगी पडतो.

भोगावतीकाठ

काळी-पांढरी तार सोडवताच ठिणगी आली, निळी आणि टणक. मागचा स्विच उघडला तर आत चमचाभर गढूळ पाणी होते आणि दोन पत्र्यांवर हिरवट थर चढला होता. साफ करून, दिवसभर उन्हात वाळवून, तार परत जोडली. गाडी पहिल्याच दाबाला सुरू झाली आणि दोरी ओढल्यावर बंदही झाली. स्विचवर रबराचे टोपण बसवले आहे आणि यापुढे गाडीची मागची बाजू पंपाने न धुता ओल्या फडक्याने पुसायची, असे घरात सर्वांना सांगितले आहे. आज दुपारी वरच्या फडात खताची सहा पोती पोहोचवली.